शब्दांच्या चौकात संगणक : एका अक्षराने वाट कशी बदलते?

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते बीड जिल्ह्यातील तेलगाव येथे एकमेकांना मिळतात. या चौकात आलेला वाहनचालक फलकावरील नाव वाचतो आणि आपल्या वाटेला लागतो. फलकावर 'माजलगाव'ऐवजी 'माजलगांव' असे रंगविलेले असो, एखादी वेलांटी उन्हापावसाने पुसली गेलेली असो वा 'परळी'च्या जागी 'परळी वैजनाथ' लिहिलेले असो, त्याची वाट सहसा चुकत नाही. संगणकाला मात्र ही सवलत नाही. त्याला शब्द वाचून वाट निवडण्यास सांगितले, की तो अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. एका अनुस्वाराचा फरक आढळला, तरी त्याच्या लेखी ते दुसरेच गाव ठरते.

संगणकशास्त्रात शब्दाला किंवा अक्षरांच्या कोणत्याही मालिकेला 'स्ट्रिंग' म्हणतात. या स्ट्रिंगचे मूल्य पाहून पुढील कृती ठरविणे ही आज्ञावलीतील अगदी प्राथमिक बाब होय. शेतजमिनीचा सातबारा, आधार, अनुदान, पीक कर्ज, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण अशा असंख्य ठिकाणी पडद्याआड हीच क्रिया चालते. त्यामुळे हा विषय केवळ प्रोग्रामरपुरता उरलेला नाही. नावातील एका ऱ्हस्व-दीर्घाने अर्ज कोणत्या रांगेत जाईल, हे ठरत असल्याने तो प्रत्येक नागरिकाचा विषय झाला आहे.

आज्ञावलीतील फाटे

कोणतीही आज्ञावली सरळ रेषेत चालत नाही. तिला ठिकठिकाणी फाटे फुटतात. 'असे असेल तर हे कर, नाही तर ते कर' ही सर्वांत साधी रचना. इंग्रजीतील दोन शब्दांवरून तिला 'इफ-एल्स' म्हणतात. पर्याय दोनच्या वर गेले, की या अटींची लांबलचक शिडी तयार होते. ती टाळण्यासाठी बहुतेक संगणकीय भाषांत 'स्विच' किंवा 'केस' या नावाची रचना असते. एकदाच मूल्य पाहायचे आणि त्यानुसार अनेक फाट्यांपैकी एक धरायचा, असे तिचे स्वरूप आहे.

उदाहरण तेलगाव परिसरातीलच घेता येईल. तेलगावजवळ सुंदरनगर येथे लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे आणि आसपासच्या शिवारात ऊस हे प्रमुख पीक आहे. महाराष्ट्रात उसाच्या लागणीचे तीन हंगाम मानले जातात. जुलै-ऑगस्टमधील आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पूर्वहंगामी ऊस १४ ते १६ महिन्यांत, तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावलेला सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांत तोडणीस येतो. तोडणीनंतर त्याच बुडख्यांपासून घेतलेले पीक म्हणजे खोडवा.

आता तोडणीचा क्रम लावणारी एखादी काल्पनिक आज्ञावली डोळ्यांसमोर आणावी. नोंदवहीत लागणीचा प्रकार शब्दांत लिहिलेला आहे. 'आडसाली' असेल तर एक फाटा, 'पूर्वहंगामी' असेल तर दुसरा, 'सुरू' असेल तर तिसरा आणि 'खोडवा' असेल तर चौथा. रचना सोपी आणि वाचायला सुबोध. परंतु एखाद्या नोंदीत 'सुरू' हा शब्द 'सुरु' असा, म्हणजे शेवटचा उकार ऱ्हस्व करून लिहिला गेला, तर ती नोंद चारपैकी कोणत्याच फाट्याला लागत नाही. अखेरचा उकार दीर्घ असतो, हा शुद्धलेखनाचा नियम शाळेत शिकविला जातो आणि व्यवहारात रोज मोडलाही जातो. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही रूपांचा अर्थ तत्काळ कळतो. संगणकाला अर्थ कळत नाही, त्याला फक्त फरक कळतो.

अक्षरे नव्हे, अंक

याचे कारण संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, अंक असतात. जगातील लिप्यांना समान संकेतांक देणारी 'युनिकोड' ही प्रणाली आज सर्वत्र वापरात आहे. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक मुख्य संच राखलेला आहे. त्यातील प्रत्येक व्यंजनाला, स्वराला, मात्रेला आणि अनुस्वाराला स्वतंत्र क्रमांक आहे. 'तेलगाव' हा शब्द संगणकाकडे २३४०, २३७५, २३५४, २३२७, २३६६, २३५७ अशा सहा अंकांच्या रूपाने साठविला जातो. 'तेलगांव' असे लिहिल्यास मध्ये २३०६ हा अनुस्वाराचा अंक येतो आणि मालिका सात अंकांची होते.

दोन स्ट्रिंग समान आहेत काय, हे पाहताना संगणक दोन्ही मालिका डावीकडून एकेक अंक घेऊन ताडतो. पहिला फरक दिसताच तो थांबतो आणि 'असमान' असा निकाल देतो. 'सुरू' आणि 'सुरु' यांचे पहिले तीन अंक सारखेच आहेत. चौथ्या ठिकाणी एकात २३७० आहे, तर दुसऱ्यात २३६९. हा एक अंकाचा फरक आणि 'सुरू' व 'खोडवा' यांतील फरक संगणकाच्या दृष्टीने एकाच योग्यतेचे आहेत. 'जवळजवळ समान' असा तिसरा निकाल या साध्या तुलनेत नाही.

भाषांनी सावधपणे दिलेली सोय

शब्दावरून फाटा निवडण्याची सोय सर्व संगणकीय भाषांत प्रारंभापासून नव्हती. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या 'सी' भाषेत स्विच ही रचना आहे, पण ती केवळ पूर्णांकांवर चालते. शब्द ताडायचे असतील तर त्यासाठी वेगळे फलन वापरून अटींची शिडीच रचावी लागते. यामागे तांत्रिक कारण आहे. पर्याय १, २, ३, ४ असे अंक असतील, तर संगणक पत्त्यांचा एक तक्ता करून ठेवतो आणि थेट योग्य जागी उडी घेतो. शब्दांची लांबी कमी-जास्त असते, ते एकेक अक्षराने ताडावे लागतात. त्यामुळे थेट उडी घेता येत नाही.

पुढे संगणकांचा वेग वाढला आणि प्रोग्रामरच्या सोयीला महत्त्व आले. मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल बेसिक'मध्ये शब्दांवरून फाटे निवडता येत. २००२ मध्ये आलेल्या 'सी शार्प' भाषेतही ही सोय होती. 'जावा' भाषेची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, पण स्विचमध्ये स्ट्रिंग वापरण्याची मुभा तिच्यात जुलै २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १५ वर्षांनी मिळाली. 'पायथन'मध्ये तर या प्रकारची 'मॅच-केस' ही रचना ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत आली.

जावा भाषेने काढलेली युक्ती मनोवेधक आहे. शब्दातील अक्षरांच्या अंकांवर गणिती क्रिया करून एक अंक काढला जातो. त्याला 'हॅश' म्हणतात. प्रथम या अंकावरून उडी घेतली जाते. तथापि दोन भिन्न शब्दांचा हॅश एकच येऊ शकतो. इंग्रजीतील मोठा 'ए' व लहान 'ए' मिळून झालेली मालिका आणि दोन मोठे 'बी' मिळून झालेली मालिका, या दोहोंचा जावातील हॅश २११२ असाच येतो. म्हणून उडी घेतल्यानंतर संपूर्ण शब्द पुन्हा एकदा अक्षरशः ताडला जातो. वेगासाठी अंदाज आणि निर्णयासाठी खात्री, असे हे दुहेरी धोरण आहे.

याउलट ढिलाई केल्यास काय होते, हे संकेतस्थळांसाठी लोकप्रिय असलेल्या 'पीएचपी' भाषेने दाखवून दिले. अंक आणि शब्द यांची तुलना करताना ही भाषा शब्दाचे अंकात रूपांतर करीत असे आणि ज्या शब्दात अंक नाही त्याचे मूल्य शून्य धरीत असे. परिणामी शून्य हा अंक आणि 'तेलगाव' हा शब्द तिच्या साध्या तुलनेत समान ठरत. या भाषेतील स्विच हीच ढिली तुलना वापरीत असल्याने अनेक आज्ञावल्या भलत्याच फाट्याला लागत. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत हा नियम बदलण्यात आला.

दिसायला एक, आत वेगळे

मराठीची अडचण याहून बिकट आहे. शुद्धलेखनातील फरक निदान डोळ्यांना दिसतो. परंतु पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्दही आतून भिन्न असू शकतात. 'ॲ' हा स्वर त्याचे ठळक उदाहरण. या अक्षराला युनिकोडच्या एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत २४१८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. तत्पूर्वी अनेक जण 'अ' आणि चंद्र ही दोन चिन्हे जोडून तो लिहीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रमाणीकृत मराठी वर्णमाला जाहीर करून या स्वराला अधिकृत स्थान दिले. मात्र जुन्या पद्धतीने टंकलिखित झालेला मजकूर जागच्या जागी राहिला. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ही दोन रूपे एकत्र येत नाहीत. एखाद्याचे 'ॲड.' हे व्यावसायिक उपपद दोन कार्यालयांत दोन प्रकारे टंकलिखित झाले, तर संगणक त्यांना दोन भिन्न शब्द समजतो.

'कऱ्हाड' या शब्दातील 'ऱ्ह' हीच कथा सांगतो. हे जोडाक्षर 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून लिहिता येते, तसेच साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे जोडणी दाखविणारे एक अदृश्य चिन्ह वापरूनही लिहिता येते. दोन्हींचे दृश्य रूप एकच, अंक मात्र वेगळे. त्यातच या गावाचे नाव 'कराड' असेही लिहिले जाते. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा हाही संगणकाला एक अंकच असतो. देवनागरी '१' आणि रोमन पद्धतीचा एक यांचे क्रमांक अनुक्रमे २४०७ आणि ४९ असल्याने गट क्रमांकही 'जुळत नाही' असा शेरा मिळवू शकतो.

गंमत अशी की, माणसाला जेथे फरक दिसतो, तेथे संगणकाला तो दिसेलच असे नाही. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांची रूपे वेगळी आहेत, पण क्रमांक एकच, २३५४. तो फरक केवळ फाँटचा आहे.

युनिकोडपूर्व काळातील मजकुराचा प्रश्न आणखी निराळा. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात मोठा वाटा उचलला. 'इस्की' ही भारतीय प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्या आधीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. तरीही छपाई आणि कार्यालयीन कामात प्रत्येक कंपनीचा फाँट आपापली संकेतरचना वापरीत होता. एका फाँटमधील मराठी मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. अशा नोंदी नंतर युनिकोडमध्ये आणताना काही अक्षरे बदलली, काही गळली आणि जुळणीचे प्रश्न पुढच्या पिढीच्या प्रणालीत जमा झाले.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. तुलनेपूर्वी सर्व रोमन अक्षरे मोठी करून घ्यावीत, हा प्रोग्रामरांचा जुना परिपाठ. तुर्की भाषेत मात्र लहान 'आय'चे मोठे रूप टिंबासह लिहिले जाते आणि ते इंग्रजीतील मोठ्या 'आय'हून वेगळे अक्षर आहे. त्यामुळे इंग्रजी गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावल्या तुर्कस्तानात गेल्यावर नेमक्या या अक्षरापाशी अडखळत असत.

एका गावाची अनेक नावे

स्थलनामांच्या बाबतीत गोंधळाला आणखी फाटे फुटतात. बीड या नावाचेच पाहावे. निजामकालीन कागदपत्रांत त्याचे इंग्रजी स्पेलिंग 'बी-एच-आय-आर' असे आढळते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची नोंद 'बी-आय-डी' अशी आहे, तर नित्याच्या व्यवहारात दोन 'ई' असलेले रूप रूढ आहे. तिन्ही एकाच जिल्ह्याची नावे. तेलगावचे इंग्रजी स्पेलिंग घाईत वाचले तर ते तळेगावच्या स्पेलिंगसारखे भासते आणि तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दशासर अशी तळेगावे तर राज्यभर विखुरलेली आहेत. उलटपक्षी, सोलापूर जिल्ह्यातही तेलगाव नावाचे गाव आहे. म्हणजे गाव एक आणि स्ट्रिंग अनेक हा एक धोका, तर स्ट्रिंग एक आणि गावे अनेक हा दुसरा.

नामांतराने तिसरा धोका निर्माण होतो. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्या आज्ञावलीत जिल्ह्याचे नाव शब्दांत लिहून त्यावरून फाटा निवडला जातो, तिच्यात अशा वेळी प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एक जागा राहिली, तरी त्या जिल्ह्याचे अर्ज 'अज्ञात' ठरतात. वाहनांच्या नोंदणीत मात्र ही अडचण येत नाही. बीडची वाहने 'एमएच २३', छत्रपती संभाजीनगरची 'एमएच २०' आणि धाराशिवची 'एमएच २५' या क्रमांकानेच ओळखली जातात. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. नाव माणसांसाठी आणि क्रमांक यंत्रासाठी, ही विभागणी किती उपयुक्त आहे हे यावरून लक्षात येते.

याच तत्त्वाने जनगणनेत महाराष्ट्राला २७ आणि २०११ साली बीड जिल्ह्याला ५२३ हा क्रमांक दिलेला होता. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सातबाऱ्याच्या नमुन्यात जे बदल केले, त्यात गावाच्या नावासोबत हा संकेतांक छापण्याचा समावेश होता. सामान्य खातेदाराला तो अंक निरुपयोगी वाटेल, परंतु बीडचे तेलगाव आणि सोलापूरचे तेलगाव यांत संगणकाला भेद करता येतो तो या अंकामुळेच.

नाव जुळत नाही, तेव्हा

गावाला क्रमांक देता येतो. माणसालाही तो दिला गेला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी वितरित झाले. तरीही नावाच्या जुळणीचा प्रश्न मिटला नाही, कारण जुन्या अभिलेखांत क्रमांक नव्हते, नावेच होती. सातबाऱ्यावरील नाव मराठीत, पिढ्यान्पिढ्यांच्या हस्तलिखित नोंदींवरून आलेले. बँकेतील नाव इंग्रजीत, खाते उघडणाऱ्या कर्मचाऱ्याने ऐकून लिहिलेले. आधारवर दोन्ही लिप्यांत, नोंदणी केंद्रावर टंकलिखित झालेले.

मराठी नावांची जडणघडण या तफावतीला पोषक आहे. 'बाबूराव' की 'बाबुराव', नुसते 'पंडित' की 'पंडितराव', 'ज्ञानेश्वर'मधील 'ज्ञ' इंग्रजीत 'डी-एन-वाय' असा लिहायचा की 'जी-वाय' असा, याला एकच एक उत्तर नाही. कोठे आडनाव आधी, तर कोठे शेवटी. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर माहेरचे आणि सासरचे अशी दोन पूर्ण नावे दोन वेगळ्या कागदांवर असतात. वडिलांच्या जमिनीत वारसा हक्काने माहेरच्या नावाने नोंद आणि आधारवर सासरचे नाव, ही स्थिती असंख्य स्त्रियांची आहे. तेथे प्रश्न एखाद्या वेलांटीचा नसून तीनपैकी दोन शब्दांचा असतो.

यात काय पणाला लागते, हे योजनांवरून कळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६ हजार रुपये, प्रत्येकी २ हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. आधारवरील नावाशी नोंदणीतील नाव न जुळल्याने हप्ता अडणे, ही या योजनेतील नित्याची तक्रार राहिली. डिसेंबर २०२४ पासून राज्यात 'ॲग्रिस्टॅक' अंतर्गत शेतकरी ओळख क्रमांक देण्याची मोहीम सुरू झाली. त्या नोंदणीत आधारवरील नाव आणि जमिनीच्या अभिलेखातील नाव यांच्यातील साम्य गुणांच्या रूपाने मोजले जाते. 'समान' किंवा 'असमान' या दोनच निकालांऐवजी 'किती समान' असा प्रश्न विचारणे, हे अक्षरशः तुलनेपेक्षा निश्चितच एक पाऊल पुढे आहे.

साम्य मोजण्याचे गणित आणि त्याची मर्यादा

साम्य मोजण्याच्या पद्धती जुन्या आहेत. सारख्या उच्चाराच्या नावांना एकच संकेत देणाऱ्या 'साउंडेक्स' पद्धतीला अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळाले. ती इंग्रजी आडनावांसाठी होती. १९६५ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी दोन स्ट्रिंगमधील 'अंतर' मोजण्याची कल्पना मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किमान किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे अंतर. या मोजमापाने 'सुरू' व 'सुरु' यांतील अंतर १, तर 'तेलगाव' व 'तळेगाव' यांतील अंतर २ येते.

मात्र येथेच या पद्धतीची मर्यादाही उघड होते. 'तेलगाव' आणि 'तेलगांव' यांतील अंतर १ आहे. 'तेलगाव' आणि 'बेलगाव' यांतील अंतरही १ आहे. पहिली जोडी एकाच गावाची, तर दुसऱ्या जोडीतील बेलगाव हे वेगळे गाव. नाशिक जिल्ह्यातील बेलगाव ढगा हे त्याच नावाचे एक उदाहरण. गणिताने दोन्ही जोड्या सारख्याच जवळच्या ठरतात. अनुस्वाराचा फरक क्षुल्लक आणि आद्याक्षराचा फरक मूलभूत, हे ज्ञान गणितातून येत नाही, भाषेच्या परिचयातून येते. ते नियमांच्या रूपाने आज्ञावलीत घालावे लागते. आणि जेथे नियमही अपुरे पडतात, तेथे निर्णय गावाला आणि माणसाला ओळखणाऱ्या महसूल कर्मचाऱ्यावर सोपविणे भाग आहे.

'इतर' फाट्याचे काय?

शब्दांवरून वाट ठरविणाऱ्या आज्ञावलीची खरी कसोटी ओळखीच्या शब्दांवर लागत नाही, अनोळखी शब्दांवर लागते. कोणताच पर्याय जुळला नाही तर काय करायचे, यासाठी स्विच रचनेत एक 'इतर' फाटा ठेवता येतो. तो कसा हाताळला जातो यावर बरेच काही अवलंबून असते आणि त्याचे तीन प्रकार दिसतात.

पहिला, हा फाटाच नसणे. अशा वेळी काहीच घडत नाही. चूकही दाखविली जात नाही आणि कामही होत नाही. उसाच्या उदाहरणात 'सुरु' अशी नोंद झालेले शेत तोडणीच्या यादीत येतच नाही आणि ते का आले नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा. आडसाली नाही, पूर्वहंगामी नाही, सुरूही नाही, तेव्हा उरला तो खोडवाच, असे गृहीत धरून शेवटचा फाटा मोकळा सोडला जातो. मग प्रत्येक चुकीची नोंद मुकाट्याने खोडवा म्हणून पुढे जाते. तिसरा प्रकार म्हणजे अनोळखी शब्द आढळताच थांबून 'ही नोंद ओळखता आली नाही' असे सांगणे आणि ती माणसाच्या नजरेस आणणे. कष्ट अधिक लागतात, पण हाच मार्ग सुरक्षित आहे.

रिकाम्या नोंदीचा प्रश्नही याच वर्गातला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका संगणक सुरक्षा संशोधकाने आपल्या मोटारीसाठी 'नल', म्हणजे संगणकीय परिभाषेत 'रिक्त' या अर्थाचा शब्द नोंदणी क्रमांक म्हणून घेतला. त्यानंतर ज्या दंडपावत्यांवर वाहन क्रमांक लिहायचा राहून गेला होता, त्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या आणि ही रक्कम सुमारे १२ हजार डॉलरवर गेली. २०१९ मध्ये हा प्रकार जगभर गाजला. रिकामी जागा दाखविण्यासाठी जो शब्द योजला, तोच कोणाचे तरी नाव ठरला होता. आपल्या कार्यालयांतील 'निरंक', 'लागू नाही' किंवा नुसती आडवी रेघ हे त्याच कुळातील शब्द होत. ते मूल्य आहे की मूल्याचा अभाव, हे आज्ञावलीला स्पष्ट सांगितले नाही, तर असाच घोटाळा येथेही होऊ शकतो.

उपाय काय?

अनुभवी संगणकतज्ज्ञ यावर जे उपाय सांगतात, ते क्लिष्ट नाहीत. निर्णय शब्दावर न सोपविता संकेतांकावर सोपवावा आणि शब्द केवळ वाचण्यासाठी ठेवावा. जेथे पर्याय ठरलेले आहेत, तेथे शब्द टंकलिखित करू न देता यादीतून निवडू द्यावा. शब्द टंकलिखित होणे अटळ असेल, तेथे तुलनेपूर्वी तो प्रमाण रूपात आणावा. अनावश्यक मोकळ्या जागा काढाव्यात, अदृश्य चिन्हे गाळावीत, 'ॲ'ची दोन्ही रूपे एक करावीत आणि अंक एकाच पद्धतीचे करावेत. मूळ नोंद मात्र जशीच्या तशी जपावी, कारण दुरुस्तीच चुकीची निघाल्यास मागे जाण्याची वाट हवी. 'इतर' फाट्याला लागलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण लिहून ठेवावे आणि ते अर्जदारास त्याच्या भाषेत कळवावे. 'पडताळणी अयशस्वी' या शेऱ्यापेक्षा 'सातबाऱ्यावर बाबुराव, आधारवर बाबूराव' एवढे एक वाक्य नागरिकाची एक फेरी वाचवू शकते.

तोपर्यंत नागरिकांनी आपल्या कागदपत्रांतील नावे एकदा शेजारी ठेवून पाहणे हिताचे आहे. आधारवरील नावात आयुष्यात दोनदाच बदल करता येतो, त्यामुळे कोणते रूप कायम ठेवायचे हे आधी ठरवावे. सातबाऱ्यावरील लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये मागता येते. नावच बदललेले असल्यास शासन राजपत्रातील प्रसिद्धी हा सर्वत्र ग्राह्य धरला जाणारा पुरावा आहे.

शब्दांवरून वाट ठरविणे हा आज्ञावलीचा दोष नव्हे. माणसेही तेच करतात. फरक एवढाच, की माणूस अडखळला तर विचारतो. आज्ञावलीने कोठे थांबून विचारावे, हे तिला ती लिहिणाऱ्याने शिकवावे लागते. ते शिकविले गेले नाही, तर एका उकाराची किंमत ज्याला भरावी लागते, त्याने ती चूक केलेली असतेच असे नाही.